रद्दीचा भाव गावाबाहेर कसा गेला

अमरावती जिल्ह्यात वरुड-मोर्शीकडे कबाड्याच्या दुकानात गेलं की काट्यामागे तीन ढीग दिसतात. पेपर वेगळा, वह्या-पुस्तकं वेगळी, पुठ्ठा वेगळा. भावही तीन. घरून चुंगडी भरून आणणारा कुरकुरतो, "मांगच्या खेपीले त जास्त देल्ते ना भाऊ!" कबाड्याचं उत्तर ठरलेलं असतं, "वरूनच उतरला भाव." हा 'वर' म्हणजे आधी शहरातला ठोक व्यापारी, मग पेपर मिल, आणि मिलच्याही वर परदेशातून येणारे रद्दीचे कंटेनर. गावच्या रद्दीला एवढे मालक कधीपासून झाले, ते पाहण्यासारखं आहे.

आधी रद्दीचा मोठा गिऱ्हाईक गावातच होता, तो म्हणजे किराणावाला. साखर, डाळ, हळद, तिखट, सगळं पुडीत बांधून मिळायचं. चौकोनी कागद, वर दोऱ्याचे दोन वेढे. आमच्या भागात दुसरा गिऱ्हाईक संत्र्याचा व्यापारी. लाकडी पेटीत फळ भरताना ते दबू नये म्हणून तणसाबरोबर जुने पेपर घालत. अशी रद्दी विकत घेणारा आणि वापरणारा दोघंही पाच-दहा कोसांत राहायचे, त्यामुळे भावही तिथल्या तिथे ठरायचा. मोठा, कोरडा, न चुरगळलेला पेपर चांगला, कारण त्याच्या पुड्या जास्त होतात. वहीचं पान लहान, म्हणून त्याला भाव कमी. पुठ्ठ्याला तर कोणी विचारत नसे. तो पावसाळ्यात चूल पेटवायला कामी यायचा. पुडीचा कागदही शेवटी चुलीतच जायचा. भारतात वापरलेल्या कागदापैकी फार थोडा मिलपर्यंत पोचतो अशी तक्रार कायम होते, तिचं एक कारण या पुडीत आहे.

रद्दीपासून पुन्हा कागद करणं विदर्भाला नवं नव्हतं. १९३४ साली वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली संघाच्या मगनवाडीत हातकागदाचं काम चाले. चिंध्या आणि रद्दी भिजवून, कुटून, लगदा करून चाळणीवर ताव उचलायचे. गांधीजी तर आलेल्या पत्रांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत, म्हणजे लगद्याच्याही आधीची काटकसर. पण हातकागदाला लागणारी रद्दी ती किती? तिने बाजार हलला नाही.

बाजार हलवू शकेल असा कारखाना वर्धा नदीच्याच काठी, बल्लारपूरला उभा राहिला. कंपनी १९४५ ची. तिचा कच्चा माल मात्र चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू. तो सरकारी करारांनी वर्षानुवर्षं स्वस्तात मिळत गेल्यावर रद्दीकडे कोण बघणार? विदर्भात एवढी मोठी पेपर मिल, आणि विदर्भाच्या रद्दीला तिच्या फाटकात जागा नाही, ही गंमत मला नेहमीच वाटत आली आहे. मेळघाटापलीकडचं नेपानगर १९५६ पासून वृत्तपत्राचा कागद करू लागलं, तेही आधी सालई आणि बांबूपासूनच. रद्दीकडे ते नंतर वळलं, २०१६ मध्ये बंद पडलं आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं.

खरं वळण आलं ते टंचाईतून. १९७० च्या दशकात देशात कागद इतका कमी पडला की शाळांच्या वह्या-पुस्तकांसाठी पांढरा कागद सवलतीच्या दरात द्यावा म्हणून सरकारला नियंत्रण आणावं लागलं. त्याच काळात लहान मिलना उत्तेजन मिळालं. त्या गव्हाचं काड, भाताचं तणस, उसाचं चिपाड आणि रद्दी यांवर चालायच्या. पण काड शिजवलं की काळं, क्षारयुक्त पाणी उरतं. मोठ्या मिल ते आटवून त्यातली रसायनं परत मिळवतात. लहानांना ते यंत्र परवडत नाही. २००३ मध्ये केंद्राने प्रदूषणाबाबत उद्योगांसाठी सनद आणली आणि लहान मिलपुढे दोनच वाटा ठेवल्या: ते यंत्र बसवा, नाहीतर काड सोडून रद्दीवर या. पुष्कळ जण रद्दीवर आले. चुलीत जाणारा पुठ्ठा इथून कच्चा माल झाला. खोक्यांचा तपकिरी क्राफ्ट कागद त्याच्यापासूनच होतो.

आणि कच्चा माल झाला की त्याची तुलना सुरू होते. कागदाचा धागा दर फेरीत आखूड होत जातो. अमेरिकेत नव्या लाकडाचा कागद भरपूर, म्हणून तिकडच्या जुन्या खोक्यात लांब, चिवट धागा असतो. आपला पुठ्ठा आधीच अनेकदा फिरून आलेला. मिलवाले दोन्ही मिसळतात, आणि बाहेरचा माल स्वस्त झाला की देशी पुठ्ठ्याचा भाव आपोआप बसतो.

हे उघड दिसलं चीनमुळे. जगातल्या रद्दीचा सगळ्यात मोठा खरेदीदार तेव्हा तोच होता. जुलै २०१७ मध्ये त्याने न निवडलेली रद्दी घेणं बंद करणार असल्याचं जाहीर केलं. २०१८ मध्ये इतर रद्दीतही अर्ध्या टक्क्याहून जास्त घाण चालणार नाही असा नियम केला. तिकडे न जाणारा माल भारताकडे वळला, आणि २०१९ सरेपर्यंत पुठ्ठ्याचा जागतिक भाव दोन वर्षांपूर्वीच्या निम्म्याहूनही खाली गेला. मग टाळेबंदी आली. पेपर घरोघरी येणं थांबलं, दुकानं बंद, कबाडी घरी, कंटेनरचं भाडं गगनाला. जानेवारी २०२१ पासून चीनने रद्दीची आयात पूर्ण थांबवली, पण तयार कागद आणि लगदा त्याला हवाच होता. तो भारतीय मिलकडूनही जाऊ लागला आणि रद्दी एकदम महागली. खोके बनवणारे कारखानदार ओरडत होते, तेव्हा आमचे कबाडी गल्लीगल्लीत स्वतःहून हाका मारत फिरत होते.

मधल्या काळात इथले नियमही बदलले. जीएसटीत रद्दीवर आधी १२ टक्के कर लागला, ऑक्टोबर २०१७ मध्ये तो ५ टक्के झाला. जून २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक पिशव्यांवरची बंदी अमलात आली आणि कागदी पिशव्यांना मागणी आली. त्याच सुमारास अन्नसुरक्षेच्या नियमांनी छापील पेपरात खाद्यपदार्थ बांधायला मनाई केली, कारण शाई अन्नात उतरते. बाजाराच्या दिवशी भजी अजून पेपरवरच मिळतात, तो भाग निराळा.

एवढं होऊनही खेड्यातला भाव शहराहून कमीच राहतो, त्याला कबाड्याची लबाडी हे एकच कारण नाही. सुटा पुठ्ठा फुगीर असतो. गाडी भरते पण वजन भरत नाही आणि भाडं तेवढंच पडतं. दाबून गठ्ठे बांधायचं प्रेस मशीन तालुक्याला असलं तर असतं. एप्रिल-मे मध्ये परीक्षा संपल्या की वह्यांचा, दिवाळीच्या साफसफाईत पेपरचा माल एकदम येतो आणि भाव पडतो. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, मिल ओलीचं वजन कापते. व्यापारी अंदाजाने त्याहून थोडं जास्त कापतो, आणि गावचा कबाडी चुंगडी उचलताच हाताने दाबून ओल बघतो.