घराजवळचा जिओकॅशिंग इव्हेंट कळतो कसा, आणि आधी कसा कळायचा

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसने शोधायचा आणि आतल्या लॉगबुकात, म्हणजे वहीत, सही करायची असा खेळ. तो खेळणारे ते कॅशर, आणि ते ठरवून एका जागी भेटतात तो इव्हेंट. या खेळातल्या बऱ्याच जणांना हा अनुभव येतो. आपण महिनोन्‌महिने एकटेच डबे शोधत हिंडत असतो आणि एक दिवस कळतं की गेल्या रविवारी आपल्या घरापासून दहा मिनिटांवर वीसेक कॅशर जमले होते, ज्यांची टोपणनावं आपण प्रत्येक लॉगबुकात वाचतो तेच लोक, आणि आपल्याला पत्ताच नव्हता. माझ्याबाबतीत हे झालं ते घर बदलल्यावर. जिओकॅशिंगच्या वेबसाइटवरच्या अकाउंटमधलं होम लोकेशन, म्हणजे घराची जागा, जुन्याच घराची राहिली होती, त्यामुळे इव्हेंटची खबर मला मिळत होती पण ती सगळी जुन्या घराच्या आसपासची, आणि इकडे नव्या घराजवळ दोन इव्हेंट होऊन गेले. खूप हळहळ वाटली. मग ही खबर लोकांपर्यंत पोचते तरी कशी, हे मुळापासून वाचायला घेतलं.

सुरुवात खेळातल्या सगळ्यांना माहीत असते तीच. जीपीएसच्या सिग्नलमध्ये अमेरिकन सरकार मुद्दाम चूक घालायचं, त्याला सिलेक्टिव्ह अव्हेलेबिलिटी म्हणत, आणि त्यामुळे सामान्य माणसाच्या हातातलं यंत्र शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवायचं. १ मे २००० ला राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही चूक घालणं बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्याच मध्यरात्री ते बंद झालं आणि यंत्रं एकदम पंधरा-वीस मीटरपर्यंत अचूक झाली. ३ मे ला डेव्ह उल्मर यांनी ओरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी बादली ठेवली, आत वही-पेन्सिल आणि थोड्या वस्तू, आणि तिचे को-ऑर्डिनेट्स (अक्षांश-रेखांश) टाकले युजनेटवरच्या, म्हणजे तेव्हाच्या इंटरनेटवरच्या चर्चामंचावरच्या, एका ग्रुपवर जिथे सॅटेलाइट नेव्हिगेशनवाले गप्पा मारायचे. तीन दिवसांच्या आत दोघांनी ती शोधली. त्यातले माइक टीग यांनी मग जगभरातल्या अशा डब्यांची यादी आपल्या वेबपेजवर गोळा करायला घेतली. 'जिओकॅशिंग' हा शब्दही त्याच महिन्याच्या शेवटी, ३० मे ला, मॅट स्टम यांनी सुचवला, तोवर सगळे 'स्टॅश हंट' म्हणायचे. (कॅश म्हणजे इथे पैसे नाहीत, लपवून ठेवलेला साठा, एवढं नव्या माणसाला सांगावंच लागतं.)

आता यात एक गोष्ट बघा. डब्याची खबर उशिरा कळली तरी काही बिघडत नाही, डबा तिथेच असतो, आज नाही तर पुढच्या महिन्यात जाऊ. इव्हेंटचं तसं नाही, तो ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी होतो आणि संपतो. म्हणजे खबर पोचण्याचा प्रश्न डब्यापेक्षा इव्हेंटला कितीतरी जास्त भिडतो, आणि ग्रुपवर एक मेसेज टाकला, ज्याने त्या दिवशी वाचला तो आला, ही पद्धत तिथे पुरत नाही.

२ सप्टेंबर २००० ला जेरेमी आयरिश यांनी जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू केलं तेव्हा जगात माहीत असलेले डबे होते फक्त ७५. लोक विखुरलेले, एकमेकांची तोंडं न बघितलेले, ओळख काय ती लॉगबुकातल्या सहीची. साहजिकच पुढच्या काही महिन्यांतच कुणाला तरी वाटलं की भेटावं. २४ मार्च २००१ ला टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये पहिला इव्हेंट झाला आणि त्याला डब्यांना मिळतो तसाच कोड मिळाला, जीसी३८९.

माझ्या मते सगळ्या गोष्टीची किल्ली या कोडमध्ये आहे. भेटीगाठींसाठी वेगळी नोटीस काढता आली असती किंवा वेगळं कॅलेंडर करता आलं असतं, पण इव्हेंट हा कॅशचाच एक प्रकार धरला गेला. त्याला डब्यासारखेच को-ऑर्डिनेट्स, डब्यासारखंच स्वतःचं पान, तपासायला तोच स्वयंसेवक रिव्ह्यूअर, नकाशावर स्वतःचं चिन्ह, आणि गेलात की तुमच्या फाइंडमध्ये, म्हणजे शोधलेल्या कॅशच्या आकड्यात, एकाची भर. दिसायला साधी गोष्ट, पण यामुळे झालं असं की डबे शोधायला जी जी सोय पुढे आली ती सगळी इव्हेंटलाही आपोआप मिळत गेली, घरापासूनच्या अंतराने लावलेली यादी असो, आठवड्याचा मेल असो की फोनवरचा नकाशा.

याच्या उलट उदाहरण म्हणजे इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावरचं लेटरबॉक्सिंग, म्हणजे खुणांवरून लपवलेल्या पेट्या शोधायचा खेळ, जे जिओकॅशिंगचं आजोबा म्हणावं असं, १८५४ मध्ये क्रॅनमियर पूल नावाच्या डबक्याजवळ ठेवलेल्या एका बाटलीपासून सुरू झालेलं. तिथले लोक वर्षातून दोनदा भेटायचे, तिकडे उन्हाळ्या-हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे-मागे करायचा जो रविवार असतो त्या दिवशी. ही युक्ती मला फार आवडते, घड्याळ बदलायचा दिवस सगळ्यांना ठाऊकच असतो. पण ही गोष्ट चालते एकाच भागातल्या, एकमेकांना ओळखणाऱ्या मंडळींमध्ये. बाहेरून नवीन आलेल्या माणसाला कोण सांगणार?

तर नव्या माणसासाठीच पुढे नियम आले. त्यातला महत्त्वाचा, इव्हेंटचं पान किमान दोन आठवडे आधी लोकांसमोर आलं पाहिजे. कुणाला वाटेल कशाला एवढी आडकाठी, चार जणांनी उद्या भेटायचं ठरवलं तर भेटू द्या की. भेटा, पण मग तो इव्हेंट नव्हे, कारण इव्हेंट सगळ्यांना खुला हवा आणि खुला म्हणजे सगळ्यांना वेळेत कळलेला. हा नियम मला अगदी पटतो. अर्धा तास तरी ठरलेल्या जागी थांबायचं हा नियमही तसाच, म्हणजे लांबून येणारा पाच मिनिटं उशिरा पोचला तर तिथे रिकामी बाकं सापडू नयेत.

हळूहळू प्रकार वाढले. 'कॅश इन ट्रॅश आउट', म्हणजे सीटो, ही कचरा उचलायची मोहीम २००२ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये तिचा पहिला आंतरराष्ट्रीय दिवस झाला. २००३ मध्येच केंटकीतल्या लुइव्हिलला पहिलं जिओवुडस्टॉक, म्हणजे कॅशरांचं मोठं संमेलन, भरलं. मग पाचशेच्या वर लोक येतात त्याला मेगा आणि पाच हजारांच्या वर जातात त्याला गिगा, पहिला गिगा २०१४ मध्ये म्युनिकला झाला. मोठ्या इव्हेंटबद्दल जास्त लिहित नाही कारण त्यांची खबर न कळणं अवघड आहे, ते खूप आधीपासून गाजत असतात. चुकतात ते छोटे, पंधरा-वीस माणसांचे, बागेतल्या बाकावरचे.

आणि इथे प्रकारांमुळे एक घोटाळा होतो तो सांगतोच. प्रीमियम मेंबरला, म्हणजे पैसे भरून सभासद झालेल्याला, सूचना लावता येते की अमुक जागेपासून इतक्या अंतरात नवीन काही पब्लिश झालं की लगेच मेल पाठव. पण ही सूचना प्रत्येक प्रकाराला वेगळी लावावी लागते, साधा इव्हेंट वेगळा, सीटो वेगळा, मेगा वेगळा. मी होम लोकेशन दुरुस्त केलं, इव्हेंटची सूचना लावली आणि निश्चिंत झालो, तरी त्या भागातला पहिला सीटो हुकलाच कारण सीटोचा पर्याय मी निवडलाच नव्हता. आता चार सूचना लावल्यात आणि अंतर जरा मोठं ठेवलंय, कारण हे अंतर पक्षी उडतो तसं सरळ रेषेत मोजतात, मध्ये नदी असली आणि पूल लांब असला तरी यंत्राला काय त्याचं.

प्रीमियम नसेल तरी अडत नाही, होम लोकेशन बरोबर असलं की आठवड्याच्या मेलमध्ये जवळचे येणारे इव्हेंट दिसतात. नकाशावर प्रकाराची गाळणी लावून फक्त इव्हेंट बघता येतात. पान उघडून 'विल अटेंड' (मी येणार) असे टाकलेले लॉग, म्हणजे पानावरच्या नोंदी, वाचायचे, कोण येतंय ते कळतं, आणि आपणही टाकायचा, म्हणजे भरवणाऱ्यालाही बरं वाटतं. अशा पानांवर मी आधी फक्त तारीख बघायचो, आता लॉगही वाचतो.

२०२० च्या मार्चमध्ये हे सगळं थांबलं. महामारीमुळे नवे इव्हेंट पब्लिश करणंच बंद केलं गेलं, आणि ते वर्ष तर खेळाला वीस वर्षं झाल्याचं. डबे शोधणं काही भागांत चालू राहिलं पण नकाशावरची इव्हेंटची चिन्हं गायब झाली. पुन्हा सुरू झाल्यावर मी ज्या पहिल्या इव्हेंटला गेलो तिथे टेबलावर एक साधी वही होती, सही करायची सक्ती नसते तरी सगळे करत होते, एक बाई ट्रॅव्हल बगचे, म्हणजे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात फिरणाऱ्या नंबर असलेल्या बिल्ल्यांचे, नंबर टेबलावर वाकून पेन्सिलीने वहीत उतरवून घेत होत्या आणि प्रत्येक नंबर परत मोठ्याने वाचून खात्री करत होत्या, आणि ज्याची सही मी तीन वर्षं सगळ्या डब्यांत माझ्या आधी बघत आलो होतो तो माणूस माझ्या शेजारी उभा होता. आम्ही दोघं बराच वेळ नुसतं डब्यांबद्दलच बोललो.

झालेला इव्हेंट काही दिवसांनी आर्काइव्ह होतो आणि नकाशावरून जातो, पण त्याचं पान पुसलं जात नाही. म्हणून आपल्या भागात सध्या काहीच दिसत नसेल तर आधी झालेला एखादा इव्हेंट गाठायचा, ओळखीच्या कॅशरच्या लॉगमधून किंवा प्रोफाइलमधून तो सापडतो. तो कुणी भरवला होता ते बघायचं आणि त्या माणसाचे आधीचे इव्हेंट काढायचे. बहुतेक वेळा दिसतं की तो दर महिन्याला किंवा दर वर्षी ठरावीक सुमाराला भरवतो, डार्टमूरच्या घड्याळासारखंच. मग त्या सुमाराच्या तीनेक आठवडे आधीपासून नकाशावर लक्ष ठेवायचं, किंवा सरळ त्याला मेसेज करून विचारायचं की पुढचा कधी. मी विचारलं होतं, त्याच संध्याकाळी तारखेसकट उत्तर आलं.