मार्चिन्क्येविच–झिग्मुंड असमता

एखाद्या फलनाची सांत बिंदूंवरील मूल्ये ठाऊक असता त्याच्या नॉर्मला (फलनाचे एकूण आकारमान मोजणाऱ्या संख्येला) खालून व वरून मर्यादा घालणारी असमता. येथे प-नॉर्म म्हणजे फलनाच्या केवल मूल्याच्या प-व्या घाताची सरासरी काढून घेतलेले प-वे मूळ होय. कमाल केवल मूल्य हाही नॉर्मच असून तो प अनंत असतानाची स्थिती मानला जातो.

मूळ असमता त्रिकोणमितीय बहुपदींविषयी, म्हणजे साइन व कोसाइन यांच्या सांत बेरजांविषयी आहे. जिचा घात (सर्वोच्च वारंवारता) ‘न’ ही संख्या आहे अशा बहुपदीची मूल्ये समान अंतरावरील 2न + 1 बिंदूंवर घेतल्यास, प = 2 असताना नमुन्यांच्या (म्हणजे या मूल्यांच्या) वर्गांची सरासरी व बहुपदीच्या वर्गाची समाकलाने काढलेली सरासरी यांत अचूक समता असते; कारण वर्गाचा घात 2न पेक्षा अधिक नसतो आणि तेवढ्या घातापर्यंत ही सरासरी बिनचूक ठरते. प एकपेक्षा मोठा पण सांत असेल, तर समतेच्या जागी केवळ प वर अवलंबणाऱ्या स्थिरांकांची दुहेरी असमता येते. प = 1 आणि कमाल नॉर्म या दोन टोकांना मात्र तिची एक बाजू टिकत नाही : नमुने 1 च्या आत राहूनही बहुपदीचे कमाल मूल्य न च्या लॉगरिथमच्या प्रमाणात वाढू शकते. बिंदूंची संख्या 2न च्या 1 पेक्षा मोठ्या निश्चित पटीत, उदाहरणार्थ 4न, घेतली की हा दोष दूर होतो.

श्रेयाबाबत एकमत नाही. प = 2 ची समता अंतर्वेशनाच्या (दिलेल्या बिंदूंवरील मूल्यांवरून फलन उभारण्याच्या) जुन्या सिद्धांतातच अंतर्भूत होती. कमाल नॉर्मसाठी अधिक बिंदू घेण्याची कल्पना गणितज्ञ बर्नस्टाइन यांच्या 1930 नंतरच्या आरंभीच्या लेखनात आढळते. पोलिश गणितज्ञ यूझेफ मार्चिन्क्येविच यांचे अंतर्वेशनावरील संशोधन 1936 च्या सुमाराचे असून, विल्नो (आताचे व्हिल्नियस) येथील त्यांचे गुरू आंतोनी झिग्मुंड यांच्यासह लिहिलेला विस्तृत निबंध 1937 मध्ये ‘फुंदामेंता माथेमातिके’ या नियतकालिकात आला. काही लेखक म्हणून केवळ मार्चिन्क्येविच यांचेच नाव देतात. तथापि संयुक्त निबंधाची व्याप्ती पाहता जोडनाव अधिक न्याय्य दिसते. मार्चिन्क्येविच यांचा मृत्यू बहुधा 1940 मध्ये सोव्हिएट कैदेत झाला. मर्यादित वारंवारतेच्या संकेतांसाठीचे नमुनाकरण प्रमेय हे याच विषयाचे अनंत रेषेवरील रूप आहे.

बहुपदींऐवजी फलनांचा ‘न’ मिती असलेला कोणताही उपावकाश (‘न’ ठरावीक फलनांच्या सर्व रेषीय संयोगांचा संच) घेतला, तर 2-नॉर्मसाठी योग्य भार दिलेले, मितीच्या स्थिर पटीइतके बिंदू पुरतात. हा निष्कर्ष बॅट्सन, स्पीलमन व श्रीवास्तव यांच्या 2009 पासूनच्या कामातून निघतो. कमाल नॉर्मची स्थिती याहून कितीतरी प्रतिकूल आहे. सघन संचावरील (उदाहरणार्थ, टोकांसह घेतलेल्या सांत अंतरालावरील) सतत फलनांच्या अशा उपावकाशात 9 चा न-वा घात इतके बिंदू घेतल्यास कमाल मूल्य नमुन्यांतील सर्वांत मोठ्या मूल्याच्या दुपटीपलीकडे जात नाही. ही संख्या अवाढव्य वाटली, तरी तिची घातांकी वाढ टाळता येत नाही. ज्यांच्या वारंवारता दर वेळी दुपटीने वाढतात अशा बहुपदींसाठी घातांकी प्रमाणात बिंदू खरोखरच लागतात.