डेस्कटॉप संगणकाचे अपग्रेड : प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड

जुन्या डेस्कटॉप संगणकातील मूळ प्रोसेसर (आकडेमोड करणारी मुख्य चिप), ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग) किंवा दोन्ही काढून त्यांच्या जागी अधिक क्षमतेचे भाग बसवण्याची पद्धत. मदरबोर्डही (सर्व भाग जोडणारा मुख्य बोर्ड) बदलला तर त्याला अपग्रेड म्हणायचे की नवी जुळणी, याबाबत एकवाक्यता नाही. प्रस्तुत नोंदीत मदरबोर्ड कायम ठेवून केलेल्या बदलांचाच विचार केला आहे. रॅम वाढवणे आणि हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवणे हे प्रकार सर्वपरिचित असल्याने वगळले आहेत. ‘श्रेणीवर्धन’, ‘उन्नयन’ असे प्रतिशब्द असले, तरी दुकानात किंवा घरात ते कोणी उच्चारत नाही. ‘पीसी अपग्रेड करून घेतला’ हाच प्रयोग रूढ आहे. ‘सूक्ष्मप्रक्रियक’ या शब्दाचीही तीच गत.

उगम : प्रोसेसर अपग्रेडची सुरुवात कोठून धरायची, हे अपग्रेड कशाला म्हणतो यावर ठरते. आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केलेल्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये इंटेलचा ४.७७ मेगाहर्ट्‌झचा ८०८८ प्रोसेसर होता आणि त्याच्या शेजारी ४० पायांचे (पिनांचे) एक सॉकेट, म्हणजे चिप बसवायची बैठक, मोकळे ठेवलेले होते. त्यात ८०८७ हा गणिती सहप्रोसेसर बसवता येई. तो बसवल्यावर बोर्डावरचा एक बारीकसा स्विच पेनाच्या टोकाने सरकवावा लागे. तेव्हा कुठे यंत्र त्याची दखल घेई. मात्र येथे मूळ प्रोसेसर जागेवरच राहतो. ही भर झाली, बदल नव्हे.

दुसरा दावेदार म्हणजे जपानच्या एनईसी कंपनीचा व्ही२०. साधारणपणे १९८४ च्या सुमारास आलेला हा प्रोसेसर ८०८८ उपटून त्याच ४० पायांच्या सॉकेटात बसे. घड्याळाची गती तीच राहून काम थोडे लवकर होई, कारण स्मृतीतील पत्ता काढण्याची आकडेमोड तो वेगळ्या मंडलाकडून करून घेई. जुन्या ८०८० प्रोसेसरच्या आज्ञाही त्याला समजत. व्ही२० वरून इंटेल आणि एनईसी यांच्यात सूक्ष्म-आज्ञावलीच्या (प्रोसेसरच्या आतील मूलभूत आज्ञांच्या, म्हणजे मायक्रोकोडच्या) स्वामित्वहक्काचा खटला झाला. सूक्ष्म-आज्ञावलीला स्वामित्वहक्क मिळू शकतो, पण एनईसीने त्याचा भंग केलेला नाही, असा निकाल अमेरिकी न्यायालयाने १९८९ मध्ये दिला. याच दशकात विस्तार-खाचेत बसणारी आणि वायरीने मूळ प्रोसेसरच्या सॉकेटाला जोडायची ‘अ‍ॅक्सिलरेटर’ कार्डेही विकली जात. ती महाग होती आणि मागे पडली.

तिसरे मत इंटेलच्या १९९२ मधील ओव्हरड्राइव्ह मालिकेला पहिले स्थान देते. तिची पूर्वपीठिका मोठी मजेदार आहे. इंटेलने १९९१ मध्ये ४८६एसएक्स हा स्वस्त प्रोसेसर काढला. त्यात गणिती भाग चालत नसे. तो हवा असल्यास ४८७एसएक्स नावाचा ‘सहप्रोसेसर’ घ्यायचा. प्रत्यक्षात हा सहप्रोसेसर म्हणजे एक जादा पिन असलेला संपूर्ण ४८६डीएक्स होता. तो बसवला की मूळ प्रोसेसर निमूटपणे बाजूला होई आणि सगळे काम नवा आलेला करी. ओव्हरड्राइव्हने हाच व्यवहार उघडपणे अपग्रेड या नावाखाली आणला. १९९५ च्या पेंटियम ओव्हरड्राइव्हमध्ये तर ५ व्होल्टचा पुरवठा कमी करून घेणारे मंडल आणि पंखा दोन्ही प्रोसेसरवरच होते.

‘अपग्रेड’ या शब्दाचा ग्राहकांपुढे प्रसार ओव्हरड्राइव्हने केला हे खरे. तथापि एक काढून दुसरा घालणे, बाकी काहीही न बदलणे, हा आजचा अर्थ व्ही२० ला अधिक नेमका लागू पडतो.

सॉकेट व सुसंगती : सॉकेटात बसणारा प्रोसेसर चालेलच असे नाही, आणि बहुतेक फसगत याच जागी होते. सॉकेटचा आकार, बोर्डावरील चिपसेट (भागांतील देवाणघेवाण सांभाळणाऱ्या चिपा), व्होल्टेज देणारे मंडल आणि बायोसमध्ये (संगणक सुरू होताच चालणाऱ्या बोर्डावरील आज्ञावलीत) त्या प्रोसेसरची ओळख असणे, या चारही गोष्टी जुळाव्या लागतात. पैकी पहिली तेवढी डोळ्यांना दिसते.

याचे उत्तम उदाहरण इंटेलचे एलजीए ७७५ हे सॉकेट. २००४ मध्ये पेंटियम ४ साठी ते आले. २००६ मध्ये कोअर २ ड्युओ, २००७ च्या आरंभी कोअर २ क्वाड क्यू६६०० आणि २००७ च्या अखेरीपासून ४५ नॅनोमीटरचे, म्हणजे आणखी बारीक घडणीचे, प्रोसेसर त्याच सॉकेटात बसू लागले. पण २००४ चा ९१५ चिपसेटचा बोर्ड घेऊन त्यात क्यू६६०० ठेवला, तर सॉकेटची पट्टी छान बंद होते, पंखा फिरतो आणि पडदा काळाच राहतो. त्या बोर्डाचा चिपसेट आणि व्होल्टेज मंडल कोअर २ साठी आखलेलेच नव्हते.

बोर्ड चालला तरी पूर्ण वेग मिळेलच असे नाही. ई८४०० या प्रोसेसरची गती ३ गिगाहर्ट्‌झ आहे, म्हणजे ३३३ मेगाहर्ट्‌झ गुणिले ९. हेच ३३३ चौपट करून जाहिरातीत ‘१३३३ बस’ (बस म्हणजे प्रोसेसर व बोर्ड यांना जोडणारा मार्ग) असे छापले जाई. बोर्डाची मजल १०६६ पर्यंतच असेल, तर मूळ स्पंद २६६ चा राहतो, गुणक ९ च असतो आणि ३ गिगाहर्ट्‌झचे पैसे मोजून २.४ गिगाहर्ट्‌झ पदरात पडतात.

याच सॉकेटाभोवती हौशी मंडळींनी एक उपउद्योग उभा केला. सर्व्हरसाठीचे झिऑन प्रोसेसर एलजीए ७७१ या जवळजवळ तशाच सॉकेटात बसत. सर्व्हर भंगारात निघू लागल्यावर ते मातीमोल भावाने मिळू लागले. २०१२-१३ च्या सुमारास असे दिसून आले, की दोन संपर्कबिंदूंची अदलाबदल करणारा एक चिमुकला स्टिकर प्रोसेसरच्या पोटाला चिकटवला आणि सॉकेटातील दोन प्लास्टिकचे खुंट पात्याने छाटले, की ३ गिगाहर्ट्‌झचा, १२ एमबी कॅशचा (प्रोसेसरमधील जलद स्मृतीचा) झिऑन ई५४५० हा साध्या घरगुती बोर्डात चालतो. बायोसमध्ये त्याची सूक्ष्म-आज्ञावली नसल्यास ती वेगळी घालावी लागते. खुंट एकदा छाटले की परत लावता येत नाहीत. त्यानंतर प्रोसेसर उलटा बसणार नाही याची काळजी बसवणाऱ्याच्या नजरेवर.

उलट प्रकार एलजीए ११५१ चा. २०१५ आणि २०१७ मधील बोर्डांत पिना तितक्याच, आकार तोच, तरी २०१७ चे आठव्या पिढीचे प्रोसेसर आधीच्या १०० व २०० मालिकेच्या बोर्डांवर चालत नाहीत. प्रोसेसरमधील वाढीव गाभ्यांना (कोअर) जादा वीज लागते म्हणून राखीव पिना वीजपुरवठ्याला दिल्या, असे इंटेलचे स्पष्टीकरण होते. बायोस बदलून आणि काही संपर्कबिंदू झाकून हे प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालवून दाखवले गेले आहेत. त्यामुळे कारण सर्वस्वी तांत्रिक नसावे, या मताला बळकटी मिळते.

इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी हिचे १३३१ पिनांचे एएम४ हे सॉकेट अपग्रेडच्या दृष्टीने सर्वांत उदार ठरले. रायझन मालिका त्यावर मार्च २०१७ मध्ये आली आणि एप्रिल २०२२ मध्ये ९६ एमबी एल३ कॅशचा ५८००एक्स३डी त्याच सॉकेटात बसला. हे औदार्य सहज आलेले नव्हते. झेन ३ या पिढीचे रायझन प्रोसेसर ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत असे कंपनीने २०२० मध्ये सांगितले होते आणि ग्राहकांच्या नाराजीनंतर त्याच महिन्यात निर्णय फिरवला. पहिल्या ३०० मालिकेच्या बोर्डांना २०२२ पर्यंत थांबावे लागले. अडचण जागेचीही होती. अनेक बोर्डांवरील बायोसची चिप १६ एमबीची. तीत इतक्या पिढ्यांच्या ओळखी मावेनात, म्हणून काही उत्पादकांनी जुन्या प्रोसेसरांची नावे गाळली. यातून एक क्रम पक्का झाला : आधी जुन्या प्रोसेसरवर बायोस अद्ययावत करायचा, मग नवा बसवायचा. जुना आधीच विकून टाकला असेल तर नव्याची ओळख नसलेला बोर्ड आंधळा होतो.

ग्राफिक्स कार्ड : येथे सॉकेटची भानगड नाही, खाचेची आहे; आणि ती बरीच समजूतदार आहे. आयएसए, व्हेसा लोकल बस, पीसीआय व १९९७ पासून एजीपी अशी खाचांची वाटचाल होऊन २००४ पासून पीसीआय एक्सप्रेसची खाच आली. तिच्या सर्व पिढ्या एकमेकींशी जुळवून घेतात, म्हणून २००८ च्या बोर्डातही आजचे कार्ड तत्त्वतः बसते. ‘जीपीयू’ (कार्डावरील मुख्य चिप) हा शब्द ग्राफिक्स चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियाने १९९९ मध्ये जीफोर्स २५६ सोबत आणला असे सर्रास लिहिले जाते. सोनीने १९९४ च्या प्लेस्टेशनसाठी तो आधीच वापरला होता, तेव्हा एनव्हिडियाने तो लोकप्रिय केला एवढेच म्हणणे रास्त.

तत्त्वतः बसणाऱ्या कार्डालाही अडथळे असतात. पीसीआय एक्सप्रेसच्या पहिल्या पिढीत एका मार्गिकेची (माहिती वाहणाऱ्या ‘लेन’ची) क्षमता एका दिशेने सेकंदाला २५० एमबी होती, म्हणजे १६ मार्गिकांची ४ जीबी. तिसऱ्या पिढीत एका मार्गिकेची क्षमता जवळजवळ १ जीबी झाली. जानेवारी २०२२ चे एएमडी आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड चौथ्या पिढीचे असले तरी केवळ ४ मार्गिका वापरते. नव्या बोर्डात हे खपून जाते. तिसऱ्या पिढीच्या बोर्डात त्याला ४ जीबीच्या आसपास, म्हणजे २००४ मधील १६ मार्गिकांइतकीच वाट मिळते, आणि दुसऱ्या पिढीच्या बोर्डात त्याच्याही निम्मी. कार्डावरची ४ जीबी स्मृती भरली की खेळ अडखळू लागतो. स्वस्त म्हणून जुन्या यंत्रासाठी घेतले जाणारे कार्ड जुन्या यंत्रातच सर्वांत लंगडे पडावे, हा विपर्यासच. इंटेलच्या आर्क कार्डांना ‘रिसायझेबल बार’ ही, प्रोसेसरला कार्डाची सगळी स्मृती एकदम वापरू देणारी, सोय लागते. ती जुन्या बोर्डात नसली की त्यांचाही वेग बराच घसरतो. यूईएफआयपूर्व (यूईएफआय ही बायोसची नवी आवृत्ती) जुन्या बायोसच्या बोर्डांत काही नवी कार्डे चित्रच देत नाहीत.

वीज : खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ६ पिनी जोडणीतून आणखी ७५ व ८ पिनी जोडणीतून १५०. कार्यालयांतून निघालेल्या ब्रँडेड संगणकांच्या एसएमपीएसमध्ये (वीजपुरवठ्याच्या डब्यात) अशा जोडण्या बहुधा नसतात, आणि जागाही अरुंद असते. म्हणून केवळ खाचेच्या विजेवर चालणारी कार्डे या वर्गात टिकून आहेत : २०१४ चे ६० वॅटचे जीटीएक्स ७५० टीआय, २०१६ चे ७५ वॅटचे जीटीएक्स १०५० टीआय, २०२४ चे ७० वॅटचे आरटीएक्स ३०५० (६ जीबी).

कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवर ठळक ‘४५०’ लिहिलेले असते. तेथे न थांबता बाजूचा तक्ता वाचावा. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही मुख्यतः १२ व्होल्टवर जगतात. त्या रकान्यात १४ अँपिअर असतील, तर उपयोगाची वीज १६८ वॅटच आहे. आपल्याकडे यूपीएसचाही विचार करावा लागतो. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. नवे कार्ड घातल्यावर वीज गेली की संगणक लगेच बंद पडू लागला, तर दोष बहुतेक वेळा बॅटरीचा नसून वाढलेल्या भाराचा असतो.

समतोल : खेळात प्रोसेसर प्रत्येक चौकटीची (फ्रेमची, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्राची) तयारी करतो आणि कार्ड ती रंगवते. ही दोन्ही कामे आगेमागे समांतर चालत असल्याने वेग ठरतो तो दोघांतील सावकाश चालणाऱ्यावर. समजा प्रोसेसरला एका चौकटीसाठी २० मिलिसेकंद लागतात आणि जुन्या कार्डाला २५. तर सेकंदाला ४० चौकटी मिळतात. आता ८ मिलिसेकंदांचे नवे कार्ड आणले. कार्डाच्या हिशेबाने १२५ चौकटी व्हायला हव्यात, पण मिळतात ५०, कारण प्रोसेसर २० मिलिसेकंदांच्या खाली येत नाही. व्यवहारात याला ‘बॉटलनेक’ म्हणतात. पडद्याचे रिझोल्यूशन वाढवले तर भार कार्डाकडे सरकतो. दोन भागांची नावे घालून ‘बॉटलनेक’ची टक्केवारी सांगणारी गणकयंत्रे इंटरनेटवर आहेत, खेळ आणि सेटिंग बदलताच उत्तर बदलत असल्याने त्यांच्यावर फार विसंबू नये.

बसवणी : कृती सर्वांना ठाऊक असल्याने एकच बाब नोंदवणे पुरे. एलजीए प्रकारात नाजूक पिना बोर्डावर असतात, एएम४ मध्ये प्रोसेसरवर. एएम४ चा कूलर सरळ वर ओढला, तर वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे पट्टी बंद असतानाही प्रोसेसर कूलरसोबत उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी संगणक दहा मिनिटे चालवून पेस्ट ऊबदार करतात, बंद करून प्लग काढतात आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे पिळत सोडवतात.

सॉफ्टवेअरची मर्यादा : विंडोज १० ला मिळणारे मोफत साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती प्रोसेसरमधील एसएसई ४.२ या संचातील आज्ञांशिवाय सुरूच होत नाही, आणि एलजीए ७७५ च्या कोणत्याही प्रोसेसरमध्ये, छाटलेल्या खुंटांच्या झिऑनमध्येसुद्धा, तो संच नाही. अशा यंत्रांवर लिनक्स अजून चालते.

बाजार : मुंबईत या भागांची जुनी पेठ म्हणजे लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग. अपग्रेडसाठी लागणारे जुने प्रोसेसर नव्याने बनत नसल्याने व्यवहार बव्हंशी सेकंडहॅन्ड मालाचा असतो. प्रोसेसर सहसा खराब होत नाही, त्यामुळे त्यात जोखीम कमी. ग्राफिक्स कार्डांचे तसे नाही. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या कूटचलनाने कार्डांवर चालणारी खाणकामाची (आकडेमोड करून नाणी मिळवण्याची) पद्धत सोडल्यावर रात्रंदिवस राबलेली कार्डे मोठ्या संख्येने विकायला निघाली. अशा कार्डाची परीक्षा नुसते चित्र येते का एवढ्यावर न थांबवता अर्धा तास पूर्ण भार देऊन, तापमान आणि पंख्याचा आवाज पाहूनच करतात.