अविस्मरणीय मैफल

अविस्मरणीय मैफल : श्रोत्यांसमोर प्रत्यक्ष सादर झालेला आणि ऐकणाऱ्यांच्या मनात पुढे वर्षानुवर्षे टिकून राहिलेला संगीताचा कार्यक्रम. मग तो पन्नास माणसांच्या दिवाणखान्यातला असो की लाखोंच्या मैदानातला. सादरीकरण निर्दोष झाले म्हणून मैफल लक्षात राहिली, असे फार थोड्या वेळा घडते. निर्दोष गाणे ध्वनिमुद्रणातही मिळते. बहुतेक आठवणींच्या मुळाशी असते ते त्या दिवशी, त्या जागी, त्या माणसांसमोरच घडू शकले असते असे काहीतरी. मोठ्या म्हणून गणल्या गेलेल्या मैफलींचा इतिहास पाहिला, तर त्यांतल्या कितीतरी मैफली अडचणीतून उभ्या राहिलेल्या दिसतात.

पैसे देऊन कोणीही येऊन ऐकावे अशी जाहीर मैफल तशी अलीकडची. त्याआधी संगीत दरबारात, देवळात, चर्चमध्ये किंवा सणासमारंभात होते आणि ऐकणारा तिथे दुसऱ्या कारणाने आलेला असे. जॉन बॅनिस्टर या व्हायोलिनवादकाने १६७२ मध्ये लंडनमधील आपल्या घरी रोज दुपारी एक शिलिंग घेऊन कार्यक्रम सुरू केले. युरोपातील जाहीर मैफलींची सुरुवात बहुधा तिथून मोजतात. पुढच्या शे-दीडशे वर्षांत ही प्रथा एवढी रुजली की, २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात बेथोव्हनने स्वतःच्या रचनांची सुमारे चार तासांची मैफल केली. नाट्यगृह गारठलेले होते आणि तालमी अपुऱ्या झाल्या होत्या. शेवटच्या रचनेत वादकांचा मेळ चुकला, तेव्हा त्याने वादन मध्येच थांबवून पुन्हा सुरुवात करायला लावली. आज जगभर वाजणारी त्याची पाचवी आणि सहावी सिंफनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) जाहीरपणे प्रथम ऐकली ती थंडीत कुडकुडणाऱ्या या श्रोत्यांनी. ७ मे १८२४ रोजी नववी सिंफनी प्रथम सादर झाली तेव्हा बेथोव्हनला ऐकू येत नव्हते. त्याची पाठ श्रोत्यांकडे होती. कारोलिन उंगर या गायिकेने त्याला वळवले, तेव्हा कुठे त्याला टाळ्या दिसल्या.

अडचणीतून जन्मलेल्या मैफलींत २४ जानेवारी १९७५ ची जर्मनीतील कलोन येथील मैफल विशेष बारकाईने पाहण्याजोगी आहे. अमेरिकन पियानोवादक कीथ जॅरेट तिथल्या ऑपेरा हाउसमध्ये वाजवणार होता. वेळ रात्री साडेअकराची, कारण त्याआधी त्याच रंगमंचावर ऑपेराचा प्रयोग होता. मागवलेल्या मोठ्या पियानोऐवजी मंचावर आला तो सरावाचा लहान पियानो. त्याचे वरचे स्वर पातळ आणि कर्कश लागत, खर्जात दम नव्हता, पेडल नीट चालत नव्हते. थकलेल्या आणि पाठदुखीने हैराण झालेल्या जॅरेटने वाजवायला नकार दिला. आयोजक वेरा ब्रांडेस तेव्हा अवघी १८ वर्षांची होती. तिच्या विनवणीवरून तो तयार झाला. तंत्रज्ञांनी वाद्य होईल तेवढे सुधारले. त्यानंतर १,४०० च्या आसपास श्रोत्यांसमोर जॅरेटने तासभराहून अधिक काळ, काहीही आधी न ठरवता वाजवले. वरचे स्वर तो टाळत गेला आणि मधल्या सप्तकांत रमला. खर्जाची उणीव भरून काढायला त्याचा डावा हात एकच छोटी आकृती पुन्हा पुन्हा ठासून वाजवत राहिला. त्या रात्रीच्या संगीताला जी संमोहक लय आली, ती बरीचशी या वाद्याच्या मर्यादेतून आली. हे ध्वनिमुद्रण एकल पियानोवादनाच्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमांपैकी एक ठरले.

काही मैफलींचे वजन संगीताबाहेरच्या परिस्थितीने वाढते. लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा पडलेला असताना ९ ऑगस्ट १९४२ रोजी तिथे सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचची सातवी सिंफनी वाजवली गेली. शहरात उपासमारीने माणसे मरत होती. रेडिओ ऑर्केस्ट्राच्या पहिल्या तालमीला पंधराच्या आसपासच वादक येऊ शकले. बाकीचे मरण पावले होते किंवा त्यांच्यात उभे राहण्याचे त्राण नव्हते. उरलेल्या जागा लष्करातले वादक बोलावून भरल्या आणि वादकांना जादा शिधा देण्यात आला. फुंकून वाजवायची वाद्ये वाजवणाऱ्यांचा दम पुरत नसे, म्हणून सुरुवातीच्या तालमी आटोपत्या घ्याव्या लागल्या. मैफलीआधी सोव्हिएत तोफखान्याने मारा करून शत्रूच्या तोफा गप्प केल्या आणि कार्ल एलियासबर्गच्या संचालनाखालचे हे वादन ध्वनिक्षेपकांवरून शहरभर आणि थेट शत्रूच्या मोर्चांपर्यंतही पोहोचवले गेले. तिथले वादन तांत्रिकदृष्ट्या कसे झाले, हा प्रश्न या मैफलीला लावणेच अप्रस्तुत ठरते.

मरियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेला वॉशिंग्टनमधील एका सभागृहाने वर्णभेदापोटी जागा नाकारली. तेव्हा ९ एप्रिल १९३९ रोजी ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायली आणि ७५,००० लोकांनी ते उघड्यावर उभे राहून ऐकले.

हिंदुस्थानी संगीतात मैफलीचे अविस्मरणीयपण आणखी निराळे आहे, कारण तिथे रचनाच श्रोत्यांसमोर घडते. राग ठरलेला, बंदिश ठरलेली. पण विलंबित (संथ लयीतला भाग) किती वेळ चालेल, कुठली जागा पुन्हा घेतली जाईल, हे समोरून येणाऱ्या दादेवरही अवलंबून असते. समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) पुढच्या रांगेतल्या चार जाणकारांच्या माना एकदम हलल्या की गवई तीच जागा दुसऱ्या अंगाने घेऊन दाखवतो. या परंपरेत श्रोता हा मैफलीचा अर्धा भागीदार आहे आणि टाळ्यांपुरता धरला तर त्याच्यावर अन्याय होतो. भीमसेन जोशी यांनी गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात जो महोत्सव सुरू केला, त्याच्या रात्र-रात्र चालणाऱ्या बैठकींच्या आठवणी पिढ्यानपिढ्या सांगितल्या जातात. मध्यरात्रीनंतर मालकंस किंवा दरबारी, आणि उजाडताना ललत, भैरव अशा क्रमाने राग आपापल्या वेळीच ऐकायला मिळत. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यावर बंधन आले, वर्षातील मोजक्या दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना राहिली. परिणामी उत्तररात्रीचे राग खुल्या मंडपातून जवळजवळ हद्दपार झाले. सकाळची सत्रे आणि बंदिस्त सभागृहे यांतून काही भरपाई होते, पण रात्रभर बसून उजाडलेले पाहणाऱ्या श्रोत्याचा अनुभव पुढच्या पिढीला मिळेनासा झाला, हे नुकसान मोठे आहे.

गर्दी वाढली तशी आवाजाची अडचण वाढली. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सना ऐकायला ५५,००० हून अधिक लोक जमले. वादकांकडे १०० वॉटचे अँप्लिफायर होते आणि गाणे बेसबॉलच्या घोषणांसाठी बसवलेल्या कर्ण्यांतून जात होते. श्रोत्यांच्या किंचाळ्यांत ते बुडून गेले आणि मंचावरच्या चौघांना स्वतःचे गाणेही धड ऐकू येत नव्हते. अशा अनुभवांना कंटाळून त्यांनी पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९६६ मध्ये, दौरे कायमचे बंद केले. आज मोठ्या मैदानात मध्ये मध्ये ध्वनिक्षेपकांचे मनोरे उभारतात. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे मंचावरचा आवाज १०० मीटर मागे पोहोचायला सेकंदाचा जवळपास तिसरा हिस्सा लागतो. मनोऱ्यातला आवाज तेवढाच उशिरा सोडला नाही, तर मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल. बंदिस्त सभागृहाचे शास्त्र त्याआधीच विकसित झाले होते. वॉलेस सबाइन या भौतिकशास्त्रज्ञाच्या संशोधनाच्या आधारे बांधलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल १९०० मध्ये खुले झाले. भरलेल्या आणि रिकाम्या सभागृहात एकच वादन वेगळे ऐकू येते, कारण माणसे आणि त्यांचे कपडे ध्वनी शोषून घेतात.

१५ ते १८ ऑगस्ट १९६९ दरम्यान अमेरिकेत झालेल्या वुडस्टॉक महोत्सवाला चार लाखांहून अधिक लोक आल्याचे मानले जाते. रस्ते तुंबल्याने ठरलेले कलाकार पोहोचेनात, म्हणून गायक रिची हेवन्सला आधी मंचावर पाठवले. जवळची गाणी संपली तेव्हा त्याने तिथेच एक नवे जुळवले. पहिल्या रात्री रविशंकर भर पावसात वाजवत होते. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सची वेळ आली ती थेट सोमवारी सकाळी, बहुतेक गर्दी घरी निघून गेल्यावर. वुडस्टॉकची खूण म्हणून आज जे वादन दाखवले जाते, ते आलेल्यांपैकी बहुसंख्यांनी प्रत्यक्ष ऐकलेच नाही.

१ ऑगस्ट १९७१ रोजी रविशंकर आणि बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशातील निर्वासितांसाठी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन कार्यक्रम केले. दोन्ही मिळून सुमारे ४०,००० श्रोते होते. सुरुवातीला रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ वाद्ये जुळवून थांबले आणि वादन संपले असे समजून लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणेच एवढे आवडले असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा रविशंकरांनी व्यक्त केली. अनोळखी संगीताला एवढ्या मोकळ्या मनाने सामोरा जाणारा श्रोता मिळणे, हेही भाग्यच. मदतनिधीच्या भव्य मैफलींचा पायंडा इथून पडला. १३ जुलै १९८५ च्या लाइव्ह एड या अशाच मैफलीत क्वीन या बँडने लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर जेमतेम २१ मिनिटे वाजवले. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी नुसत्या आलापांनी सुमारे ७२,००० लोकांना आपल्यामागून गायला लावत होता.

स्मरणात राहणारे सगळेच सुखाचे नसते. ३ डिसेंबर १९७९ रोजी सिनसिनाटीत द हू या बँडच्या कार्यक्रमाआधी दारांशी चेंगराचेंगरी होऊन ११ जण मरण पावले. आसने क्रमांकाविना होती, मोजकीच दारे उघडली होती. त्यानंतर त्या शहरात क्रमांकाविना आसनव्यवस्थेवर बरीच वर्षे बंदी होती. कानांचा धोका कमी दिसतो, पण नेहमीचा आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सुरक्षित धरला, तर दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. मोठ्या मैदानी कार्यक्रमाला जाताना कानात बोळे घालावेत, गाणे त्याने बिघडत नाही.

ध्वनिमुद्रण मैफल जपते तशी ती बदलतेही. शे स्टेडियमच्या चित्रपटासाठी बीटल्सनी काही भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतले. याउलट ग्रेटफुल डेड या बँडने श्रोत्यांनाच टेप करू दिले आणि १९८४ पासून त्यांच्यासाठी बसण्याची जागाही राखून ठेवली. या टेप श्रोते एकमेकांना विनामूल्य देत. त्यांत गाण्याबरोबर शेजारच्यांच्या गप्पा आणि फसलेल्या सुरुवातीही आल्या आहेत. एकच गाणे वेगवेगळ्या रात्री कसे वाजले, हे ताडून पाहणाऱ्यांना त्यांचा आजही उपयोग होतो.