शेवटच्या प्रकरणात परत येणारी आठवण

वेगवान रहस्यकादंबऱ्यांत एक हमखास कलाटणी असते. नायिकेला लहानपणीची एक रात्र अजिबात आठवत नसते. शेवटच्या प्रकरणात दाराची कडी वाजते आणि तिला सगळं लख्ख आठवतं: चेहरा, वेळ, शब्दन् शब्द. अशा कादंबऱ्या मला मनापासून आवडतात. म्हणूनच सांगावंसं वाटतं, यातली कडी खरी आहे. ती लख्ख आठवण मात्र बहुधा लेखकाची सोय असते.

आधी वाचणाऱ्याकडे बघू. विरार लोकलमध्ये दोन बाकांच्या मधे उभं राहून, एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने पुस्तक धरून वाचणारी मुलगी श्वास रोखते, आणि तिचं बोरिवली निघून जातं. 2015 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी लोकांना थरारपटांतले प्रसंग दाखवत त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. उत्कंठा वाढली की नजरेच्या कडेला दिसणाऱ्या गोष्टींची मेंदू घेत असलेली दखल कमी होत होती. पानावरच्या थरारातही लक्ष असंच आकसत असावं.

धोक्याची चाहूल लागली की मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोका हेरणारा भाग, कामाला लागतो, अ‍ॅड्रेनलीन वाढतं, छाती धडधडते. वाचक मात्र सुरक्षित असतो आणि ते त्याला पक्कं ठाऊक असतं. पुस्तक मिटलं की धडधडही ओसरते. घरातच मार किंवा अत्याचार सोसणाऱ्या मुलाला ही सोय नसते. ज्याच्या कुशीत शिरायचं, भीतीही त्याचीच. धोक्याची घंटा वारंवार वाजली की पुढे ती जराशा कारणानेही वाजू लागते. हे ओझं मोठेपणीही सुटत नाही. 1998 साली अमेरिकेत साडेनऊ हजारांहून अधिक प्रौढांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बालपणीच्या आघातांचे प्रकार जितके जास्त, तितकं व्यसन, नैराश्य, अगदी हृदयविकाराचंही प्रमाण जास्त आढळलं.

आता आठवणीकडे. भीतीच्या क्षणी मेंदू घटनेचा गाभा घट्ट धरतो, भोवतालचे तपशील निसटतात. त्यामुळे आघात झालेल्या बहुतेकांची अडचण विसरण्याची नसते. नको असलेलं पुन्हा पुन्हा आठवतं, तेही तुकड्यातुकड्यांनी. एखाद्या तेलाचा वास, जिन्यातली पावलं, कडीचा आवाज, आणि घाम फुटतो. वासाची वाट तर अमिग्डालापर्यंत जवळजवळ थेट जाते. काही जणांना काही काळ खरंच आठवत नाही. पण वर्षांनी परतलेली आठवण चित्रफितीसारखी जशीच्या तशी नसते, कारण प्रत्येक वेळी आठवताना मेंदू ती नव्याने जुळवतो. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी 1995 मध्ये 24 जणांना, लहानपणी तुम्ही मॉलमध्ये हरवला होतात, असं खोटंच सांगितलं; सुमारे पाव लोकांनी ते पूर्ण किंवा अंशतः खरं मानलं. याचा आधार घेऊन पीडितांना खोटं ठरवणं मात्र सरळ अन्याय आहे. तुटक, मागेपुढे होणारं सांगणं हे खोटेपणाचं लक्षण नव्हे.

उपचारांचा वेगही कादंबरीच्या अगदी उलट असतो. एका रात्रीत उलगडा होत नाही. प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञासोबत, झेपेल तेवढंच, आठवड्यामागून आठवडे बोललं जातं. आठवण पुसली जात नाही, तिची घंटा हळूहळू मंदावते. असं पुस्तक वाचताना स्वतःचंच काही उसळून आलं, तर ते अर्ध्यावर ठेवायला काहीच हरकत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन तर 1996 साली मुंबईतच, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाली.