नकाशावरील खुणांसाठी स्वतःची चित्रफाइल : बेळगाव सीमाभागाच्या संदर्भात पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्याचा नकाशा आज संगणकावर करायचा म्हटले, तर गावे, रस्ते आणि नद्या यांची माहिती फारसे कष्ट न घेता मिळते. काम अडते ते पुढच्या टप्प्यावर. शेताच्या बांधावरचा वीरगळ, जैन बस्ती (म्हणजे जैन मंदिर), लिंगायत मठ, खानापूर तालुक्यातील देवराई, उसाचे गुऱ्हाळ, निपाणीची तंबाखूची वखार अशा ठिकाणांच्या बिंदूंवर कोणती खूण ठेवायची, हा तो टप्पा होय. नकाशाच्या सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या खुणांच्या संचात पेट्रोल पंप, विमानतळ, तंबूंचा तळ, गोल्फचे मैदान असे सर्व काही असते. परंतु वीरगळ नसतो आणि गुऱ्हाळही नसते. म्हणून येथील नकाशाकाराला स्वतः रेखाटलेले चित्र फाइलच्या रूपात सॉफ्टवेअरला द्यावे लागते. ही सोय आज चार क्लिकांवर आली असली, तरी ती अनेक वर्षांत तुकड्यातुकड्यांनी घडलेली आहे आणि प्रत्येक तुकड्यात खुणेचे चित्र नेमके कोठे साठवायचे या प्रश्नाचे उत्तर वेगळे होते. आजही नकाशा एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर गेला की खुणा का हरवतात, हे समजण्यासाठी तो इतिहास पाहणे आवश्यक आहे.

संगणकापूर्वी हा प्रश्न उद्भवतच नव्हता, कारण खूण ठरवण्याचा अधिकार एकाच संस्थेकडे होता. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ सालची असून, त्याने काढलेले स्थलनिर्देशक नकाशे, म्हणजे आपण ज्यांना टोपोशीट म्हणतो ते, देशभर एकाच सांकेतिक खुणांनी छापले जात. बेळगाव जिल्ह्याच्या बाबतीत एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. या शीटांची विभागणी अक्षांश-रेखांशांवरून केलेली असल्यामुळे १६ अंश उत्तर अक्षवृत्त हे जिल्ह्याच्या मधून जाणारी शीटांची सीमा ठरते. बेळगाव आणि खानापूर ४८ आय या शीटमध्ये येतात, तर निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि गोकाक ४७ एल मध्ये. पूर्वेकडील सौंदत्ती आणि अथणी आणखी दोन वेगळ्या शीटांत पडतात. संपूर्ण जिल्हा पाहायचा असेल तर ही शीटे शेजारी शेजारी मांडावी लागत, आणि तशी मांडली तरी वाचणाऱ्याचा गोंधळ होत नसे, कारण देऊळ, मशीद, चर्च, ईदगाह, छत्री, थडगे, बांधलेली विहीर, न बांधलेली विहीर, किल्ला, टेहळणीचा बुरूज या सर्वांची खूण प्रत्येक शीटवर तीच असे. ही एकसारखेपणाची शिस्त फार मोलाची होती, असे माझे मत आहे, आणि पुढे आलेल्या स्वातंत्र्याने ती बऱ्याच अंशी हिरावून घेतली.

तरीही त्या शिस्तीची एक मर्यादा होती. जुन्या अवशेषांसाठी टोपोशीटच्या सूचीत एकच सामायिक खूण होती. हलशीची कदंबकालीन मंदिरे, देगावचे कमलनारायण मंदिर, बेळगावच्या किल्ल्यातील १२०४ सालची कमल बस्ती आणि एखाद्या गावाच्या वेशीवरील सतीशिळा यांच्यातील फरक दाखवण्याची सोय त्या सूचीत नव्हती. फार तर देवळाची खूण किंवा पुरातन अवशेषांची खूण, आणि शेजारी इंग्रजीत नाव. ज्यांना या प्रदेशाचा इतिहास किंवा लोकजीवन नकाशावर मांडायचे होते, त्यांना छापील शीटवर ट्रेसिंग कागद ठेवून हाताने खुणा काढाव्या लागत. स्थानिक खुणेची गरज त्या ट्रेसिंग कागदाइतकी जुनी आहे.

नकाशे संगणकावर आले तेव्हा आरंभी स्थिती सुधारण्याऐवजी आकुंचित झाली. एस्री ही कंपनी १९६९ साली निघाली आणि तिचे आर्कइन्फो हे नकाशाचे सॉफ्टवेअर १९८२ साली आले. त्या काळात नकाशा कागदावर उतरत असे तो पेन प्लॉटरमधून. प्लॉटरची लेखणी रेघा ओढू शकते, म्हणून खूणही रेघांचीच असावी लागे. चौकोन, त्रिकोण, वर्तुळ, फुली यांच्यापलीकडे जाणे शक्य होते, पण त्यासाठी प्रत्येक रेघेचे निर्देशांक भरून खूण घडवावी लागे, आणि एवढा खटाटोप फक्त मोठी कार्यालयेच करू शकत.

पुढची उडी अक्षरांच्या फाँटमधून आली. ट्रूटाइप फाँट १९९१ साली ॲपलने आणि १९९२ साली विंडोज ३.१ मधून मायक्रोसॉफ्टने लोकांपर्यंत पोहोचवले. अक्षर कोणत्याही आकारात रेखीव छापले जाते, तर मग अक्षराच्या जागी विमानाचे किंवा झाडाचे चित्र ठेवून तेच नकाशावर खूण म्हणून का वापरू नये, हा विचार त्यामागे होता. आर्कव्ह्यूसारख्या सॉफ्टवेअरने खुणांचे संच अशा फाँटमधूनच घेतले आणि फाँट तयार करण्याचे साधन ज्याच्याकडे असेल त्याला स्वतःची खूणही घडवता येऊ लागली. या पद्धतीचा दोष मात्र सीमाभागातील संगणकचालकांना सर्वांत आधी ओळखता आला असता, कारण तो त्यांच्या रोजच्या अनुभवातला होता. युनिकोड, म्हणजे सर्व लिपींसाठीची सामायिक संकेतपद्धत, रुळण्यापूर्वी मराठीसाठी श्रीलिपी आणि कन्नडसाठी नुडी यांसारखी सॉफ्टवेअरे वापरात होती. त्यांच्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर आपली अक्षरे बसवलेली असत आणि फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. खुणांच्या फाँटचेही तेच होते. फाँट सोबत गेला नाही, तर देवळाच्या जागी एखादे इंग्रजी अक्षर उमटे, आणि ते अक्षर ही खूण आहे की नावाचा तुटलेला तुकडा, हे कळायला मार्ग नसे. शिवाय फाँटमधील खूण एकाच रंगाची. दोन रंग हवे असल्यास दोन अक्षरे एकावर एक रचावी लागत.

चित्राची फाइल थेट खूण म्हणून वापरण्याची पद्धत याच काळात रुजली आणि तिचे स्पष्ट उदाहरण मॅपइन्फोमध्ये सापडते. न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथे १९८६ साली सुरू झालेल्या या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये खुणांसाठी एक ठरावीक फोल्डर असे. त्यात बीएमपी प्रकारचे चित्र ठेवले की ते खुणांच्या यादीत दिसू लागे. चित्रातील पांढरा रंग पारदर्शक मानला जाई, त्यामुळे चित्रामागचा चौकोन नकाशा झाकत नसे. ही युक्ती साधी आणि परिणामकारक होती, पण तिच्यामुळे पांढऱ्या चुन्याने रंगवलेले देऊळ पांढरे दाखवता येत नसे. ते दाखवायचे तर किंचित राखाडी छटा भरावी लागे किंवा पार्श्वभूमीचा सगळा पांढरा चौकोन स्वीकारावा लागे. अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, नकाशाच्या माहितीत चित्र साठवले जात नसे, फक्त चित्राच्या फाइलचे नाव साठवले जाई. दुसऱ्या संगणकाच्या त्या फोल्डरमध्ये त्या नावाची फाइल नसेल, तर खूण हरवे. फाँटच्या बाबतीत जे घडत होते तेच येथेही घडले, फक्त फाँटची जागा फोल्डरने घेतली.

२००१ च्या सुमारास एस्रीच्या आर्कमॅप या सॉफ्टवेअरमध्ये चित्रखूण हा स्वतंत्र प्रकार मिळाला. आरंभी तो बीएमपी आणि ईएमएफ या दोनच प्रकारच्या फाइली स्वीकारत असे. बीएमपी हे ठिपक्यांचे चित्र असल्याने मोठे केल्यावर त्याच्या कडा दातेरी होत. ईएमएफमध्ये रेषांची आकृती साठवता येत असल्याने छपाईत ती नीट राही. छापखान्यात देण्याचा नकाशा असेल तर ईएमएफ आणि पडद्यावर पाहण्यापुरता असेल तर बीएमपी, असा व्यवहार त्यातून पडला.

याच सुमारास इंटरनेटवरील नकाशांचा वेगळा प्रवाह वाहू लागला होता. जीआयएफ हा चित्रप्रकार १९८७ सालचा; त्यात एखादाच रंग पूर्ण पारदर्शक करता येतो. त्याच्या संकोचन पद्धतीवर युनिसिस कंपनीचे पेटंट होते आणि त्यावरून झालेल्या वादातून पीएनजी हा मुक्त प्रकार १९९६ साली प्रमाणित झाला. पीएनजीमध्ये प्रत्येक ठिपक्याची पारदर्शकता स्वतंत्रपणे ठरवता येते, म्हणून खुणेच्या कडा मऊ होऊन कोणत्याही रंगाच्या नकाशावर बसतात. मिनेसोटा विद्यापीठात घडलेल्या मॅपसर्व्हर या, इंटरनेटवर नकाशे पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरने चित्रफाइल हा खुणेचा एक अधिकृत प्रकार मानला. २००२ साली ओपन जीआयएस कन्सॉर्टियम या, नकाशा-सॉफ्टवेअरची प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेने नकाशाच्या शैलीसाठी एसएलडी हे प्रमाण प्रसिद्ध केले आणि त्यात दोन वाटा स्पष्टपणे वेगळ्या केल्या. पहिली वाट नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोजक्या आकृत्यांची, म्हणजे चौकोन, वर्तुळ, त्रिकोण, तारा आणि फुली यांची; दुसरी वाट बाहेरच्या चित्राची, ज्याचा पत्ता आणि प्रकार लिहून द्यायचा. पुढे जिओसर्व्हर या तशाच सॉफ्टवेअरने आणि इतर अनेक साधनांनी हीच मांडणी उचलली.

सामान्य माणसापर्यंत ही कल्पना पोहोचली ती २००५ साली, गुगल मॅप्स आणि गुगल अर्थ यांच्याबरोबर. गुगल अर्थचे मूळ कीहोल या कंपनीत होते आणि तिच्याच केएमएल या फाइलप्रकारात प्रत्येक बिंदूच्या चित्राचा पत्ता लिहिण्याची सोय होती. २००८ साली केएमएल हे आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले. भीमगड, जांबोटी, कणकुंबीच्या जंगलवाटा नोंदवणाऱ्यांना पिवळ्या टाचणीऐवजी स्वतःचे चित्र लावणे आता शक्य झाले. मात्र पत्ता स्वतःच्या संगणकावरील फोल्डरचा दिला असेल, तर फाइल मित्राला पाठवल्यावर त्याच्या पडद्यावर चित्राच्या जागी लाल फुली दिसे. यावरचा उपाय केएमझेडने दिला. केएमझेड ही झिप केलेली पिशवी असते आणि तिच्यात केएमएलसोबत चित्रेही भरता येतात. चित्र नकाशाबरोबर प्रवास करू शकते, ही गोष्ट घरगुती वापरकर्त्याला येथे प्रथम हाताशी आली.

केएमएलने आणखी एका सूक्ष्म प्रश्नाला वाचा फोडली: चित्राचा कोणता बिंदू जमिनीवरच्या जागेवर टेकवायचा? गोल खुणेचा मध्य आणि टाचणीचे टोक, हे उत्तर सहज सुचते. पण दीपमाळेचे किंवा वीरगळाचे उभे चित्र असेल तर त्याचा पायथा जागेवर आला पाहिजे. पायथ्याऐवजी मध्य टेकवला, तर खूण खाली सरकल्यासारखी दिसते आणि बेळगाव किल्ल्यासारख्या दाटीच्या जागी, जेथे कमल बस्ती आणि सफा मशीद एकाच तटबंदीच्या आत आहेत, तेथे हा फरक वाचणाऱ्याची दिशाभूल करतो. १:५०,००० या प्रमाणात ४ मिलिमीटरची खूण जमिनीवरची २०० मीटर जागा झाकते, हे लक्षात घेतले म्हणजे टेकवण्याच्या बिंदूचे महत्त्व पटते.

सीमाभागातील हौशी अभ्यासक, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल मुक्त सॉफ्टवेअरने घडवला. गॅरी शेरमन यांनी २००२ साली सुरू केलेले क्यूजीआयएस जानेवारी २००९ मध्ये १.० आवृत्तीला पोहोचले, आणि परवान्याचे पैसे न भरता पूर्ण ताकदीचे नकाशा-सॉफ्टवेअर शाळेच्या संगणकावरही बसवता येऊ लागले. त्याने खुणांसाठी एसव्हीजी हा प्रकार निवडला, जो २००१ साली वेबचे प्रमाण झाला होता. एसव्हीजीमध्ये चित्र रेषांच्या वर्णनाने साठवले जाते, त्यामुळे ते भित्तिपत्रकाएवढे मोठे केले तरी फाटत नाही. त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे, फाइलमध्ये रंगाच्या जागी ठरावीक सूचना लिहिली की तो रंग सॉफ्टवेअरमधून बदलता येतो. वीरगळाचे एकच चित्र काढून सुस्थितीतील वीरगळ हिरवा, भंगलेला तांबडा आणि जागेवरून हलवलेला निळा दाखवणे, हे पूर्वी तीन वेगळ्या फाइली केल्याशिवाय जमत नसे. छायाचित्रासारखे ठिपक्यांचे चित्र मात्र क्यूजीआयएस बराच काळ थेट खूण म्हणून स्वीकारत नव्हते. लोक पीएनजी चित्र एसव्हीजीच्या पोटात घालून वेळ निभावत. ती उणीव २०१९ सालच्या ३.६ आवृत्तीने दूर केली.

पत्त्याचा जुना प्रश्न येथेही सुटला नव्हता. चित्र सापडले नाही की क्यूजीआयएस बिंदूवर प्रश्नचिन्ह दाखवते. नंतर आलेल्या सोयीमुळे चित्र प्रकल्पाच्या फाइलमध्येच अंतर्भूत करता येते. त्यासाठी ते अक्षरांच्या रूपात बदलले जाते आणि त्याचा आकार सुमारे एकतृतीयांशाने वाढतो. छोट्या खुणांसाठी ही वाढ नगण्य आहे. नकाशा दुसऱ्याकडे जाणार असेल तर चित्र अंतर्भूत करावे आणि ते सतत बदलत असेल तर प्रकल्पाच्या शेजारीच फोल्डर करून त्यात ठेवावे, असे मला योग्य वाटते. फाइलचे नाव देवनागरीत ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. आजचे सॉफ्टवेअर ते वाचते, पण जुन्या संगणकांवरील युनिकोडपूर्व साधनांना ते नाव उलगडत नाही.

या प्रदेशात चित्रखुणेला आणखी एक कारण आहे. येथील नकाशावर गावाचे नाव मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही लिपींत द्यावे अशी अपेक्षा अनेकदा असते, आणि ओपनस्ट्रीटमॅपमध्ये तिन्ही नावे स्वतंत्रपणे नोंदवण्याची सोय आहे. तीन ओळींची नावे दिल्यावर ठिकाणाचा प्रकार शब्दांत लिहायला जागाच उरत नाही. ते काम खुणेलाच करावे लागते. आता मोबाइलवरील नकाशांत सर्व खुणा एकाच मोठ्या चित्रात शेजारी शेजारी मांडून पाठवतात आणि प्रत्येक खुणेची जागा सोबतच्या छोट्या फाइलमध्ये लिहिलेली असते, म्हणजे संचात नवी खूण घालायची तर ते संपूर्ण चित्र पुन्हा बांधावे लागते. त्यामुळे तयार संचच जसाच्या तसा वापरण्याकडे कल वाढतो. माकी आणि टेमाकी यांसारखे संच कोणत्याही अटीविना वापरण्यास खुले आहेत, म्हणून त्यांच्यातील आकृतीत बदल करून बस्ती किंवा मठाची खूण घडवता येते. इंटरनेटवरून उचललेल्या चित्राच्या बाबतीत ही मुभा नसते. गावच्या यात्रेच्या स्मरणिकेत किंवा शाळेच्या भिंतीवरील नकाशात ते छापण्यापूर्वी त्याचा परवाना पाहावा लागतो, आणि तो सापडला नाही तर चित्र नव्याने काढावे लागते.