डेलची मांजर, पिसाचे प्रेमिक आणि गवताळ व्होल: प्रेमाच्या रसायनशास्त्राची पार्श्वभूमी

प्रेमात पडले की मेंदूत डोपामिन वाढते, सेरोटोनिन घटते आणि पुढे ऑक्सिटोसिनमुळे नाते घट्ट होते, हे वाक्य व्हॅलेंटाइन डेच्या आसपास छापल्या जाणाऱ्या जवळपास प्रत्येक लेखात भेटते. ही तिन्ही नावे आता एका दमात घेतली जात असली, तरी ती वेगवेगळ्या वाटांनी प्रेमाच्या विषयात शिरली आणि ज्यांनी ती प्रथम हाताळली त्यांच्या मनात प्रेमाचा विचारही नव्हता.

त्यांतले सर्वांत जुने ऑक्सिटोसिन. १९०६ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री डेल यांना असे आढळले की, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचला असता गाभण मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते. अर्कातले हे द्रव्य नऊ अमिनो आम्लांचे असल्याचे दाखवून व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले. बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून सलाइनमधून जे दिले जाते, ते हेच. म्हणजे जवळजवळ पाऊण शतक ते निव्वळ प्रसूतिगृहातले औषध होते.

डोपामिनची वाट मॉन्ट्रियलमधून जाते. तेथील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी १९५४ मध्ये उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या आणि दांडी दाबताच विजेचा सौम्य झटका मेंदूला मिळेल अशी सोय केली. उंदीर दांडी दाबतच राहिले. पुढच्या प्रयोगांत तर तासाला हजारो वेळा. डोपामिन हे मेंदूतले स्वतंत्र संदेशवाहक रसायन असल्याचे अर्विद कार्लसन यांनी स्वीडनमध्ये त्यानंतर काही वर्षांनी दाखवले आणि पुढे या दोन गोष्टींची सांगड घातली जाऊन ‘सुखाचे रसायन’ हे नाव रूढ झाले. माझ्या मते ते फसवे आहे, कारण वोल्फ्राम शुल्त्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांत डोपामिनच्या पेशी बक्षीस हाती येण्यापेक्षा त्याची चाहूल लागताच अधिक चेतवल्या जात होत्या. पत्राची वाट पाहण्यात जी तगमग असते, ती पत्र वाचताना उरत नाही, हे प्रेम केलेल्या माणसाला माकडाकडून शिकावे लागत नाही.

मधल्या काळात, १९८०च्या दशकात, प्रेमाचे रसायन म्हणून फेनिलएथिलअमाइन आणि ते ज्यात असते त्या चॉकलेटचा बराच गवगवा झाला. पण खाल्लेले हे द्रव्य मेंदूपर्यंत पोचण्याआधीच शरीरात मोडून जाते.

सेरोटोनिनचा संबंध इटलीतल्या पिसा येथे जुळला. दोनाटेला मारात्सिती मंत्रचळाच्या, म्हणजे आज ज्याला ओसीडी म्हणतात त्या विकाराच्या, रुग्णांवर काम करत होत्या. एकच विचार डोक्यात घोळत राहणे हे लक्षण नव्या प्रेमिकांतही दिसते, हे ध्यानात घेऊन त्यांनी गेल्या सहा महिन्यांत प्रेमात पडलेले आणि दिवसातले किमान चार तास त्याच व्यक्तीचा विचार करणारे २० जण निवडले. त्यांच्या आणि २० मंत्रचळी रुग्णांच्या रक्तातील प्लेटलेट्सवर सेरोटोनिन वाहून नेणारे प्रथिन सारखेच कमी भरले. वर्ष-दीड वर्षाने काही प्रेमिकांना पुन्हा तपासले, तेव्हा प्रमाण पूर्ववत झालेले होते. १९९९ चा हा निबंध फार उद्धृत होतो, पण मोजमाप मेंदूचे नव्हे, रक्ताचे होते, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

प्रत्यक्ष मेंदूत डोकावण्याचे काम एफएमआरआय या, काम करणाऱ्या मेंदूचे चित्र टिपणाऱ्या, यंत्राने केले. लंडनमध्ये आंद्रेआस बार्टेल्स आणि सेमीर झेकी यांनी २००० मध्ये १७ जणांना प्रियजनांची आणि मित्रांची छायाचित्रे दाखवली. २००५ मध्ये अमेरिकेत आर्थर अॅरन, हेलन फिशर आणि ल्यूसी ब्राउन यांनीही १७ जणच घेतले. प्रिय व्यक्तीचा चेहरा पाहिल्यावर मनात दाटलेली भावना पुढच्या चित्रावर सांडू नये म्हणून मध्ये त्यांना एका मोठ्या संख्येतून सात-सात वजा करत उलटे मोजायला लावले जाई. प्रिय चेहरा समोर येताच मध्यमेंदूतला डोपामिन तयार करणारा भाग उजळला. यंत्र मात्र रक्तप्रवाहातला बदल दाखवते. डोपामिन वाहिले, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष आहे.

ऑक्सिटोसिनला प्रसूतिगृहाबाहेर आणले ते व्होल या आखूड शेपटीच्या, उंदरासारख्या प्राण्याने. इलिनॉयच्या गवताळ भागात लोवेल गेट्झ यांच्या सापळ्यांत तीच नर-मादीची जोडी पुन्हा पुन्हा सापडे. स्यू कार्टर यांच्यासह त्यांनी या जोड्यांचा अभ्यास सुरू केला आणि १९९२ मध्ये थॉमस इन्सेल यांनी दाखवले की, जोडीने राहणाऱ्या गवताळ व्होलच्या मेंदूत ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश पकडणारे पेशींवरील ग्राहक, जेथे दाट आहेत, तेथे एकेकट्या राहणाऱ्या डोंगरी व्होलमध्ये ते विरळ आहेत. ‘लव्ह हॉर्मोन’ या बिरुदाला मोठा आधार मिळाला तो इथून.

२०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी जनुक-संपादनाने या रिसेप्टरशिवाय जन्मलेले गवताळ व्होल तयार केले. त्यांनीही जोड्या जमवल्या आणि ते जोडीदाराला बिलगून राहिले. माद्यांची पिल्ले कमी जगली आणि जगली ती वजनाने कमी भरली. पण ज्या कामावरून डेल यांनी हे द्रव्य ओळखले होते, ते बाळंतपणही त्यांनी पार पाडले.